स्मृतिदिन जाब विचारण्याचा दिवस कसा होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षांपूर्वी तुमच्या वस्तीत मोठी दुर्घटना झाली, माणसं गेली. तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात. नावं वाचली जातात, दोन मिनिटं मौन पाळलं जातं, दोन-तीन भाषणं होतात आणि मंडळी घरी जातात. ज्या कारणांनी माणसं गेली त्यातली बरीचशी आजही जागच्या जागी आहेत. लोकांना नुसत्या आठवणीपासून कृतीपर्यंत कसं न्यायचं, तसं करताना गेलेल्यांच्या घरच्यांना दुखावलं तर जाणार नाही ना, आणि हे किती वर्षं चालवावं लागेल, हे तुम्ही विचारलं आहे.

अशा दुर्घटनांनंतर उभ्या राहिलेल्या गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करतो आहे, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. तुमच्या वस्तीतले लोक उदासीन आहेत असं मला वाटत नाही. जी माणसं दर वर्षी न चुकता येऊन उभी राहतात ती उदासीन कशी असतील? अडचण कार्यक्रमाच्या रचनेत आहे. त्यात येणाऱ्याला ऐकून घेणं आणि गप्प उभं राहणं याखेरीज काम नाही, आणि ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना पुष्पचक्र वाहण्याखेरीज काम नाही. कुणी कुणाला काहीच विचारत नाही. स्मृतिदिनाला एक नेमका प्रश्न जोडा, तो ज्याला विचारायचा त्याला समोर बोलवा आणि पुढच्या वर्षी त्याच जागी त्याच्या उत्तराची तपासणी करा. मी पाहिलेल्या गटांत बदल इथूनच सुरू झाला. सभासद वाढवणं, पत्रकं काढणं, समाजमाध्यमं हे सगळं त्यानंतरचं.

हिल्सबरोची हकिगत मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात, हिल्सबरो स्टेडियमवर, फुटबॉल सामन्याच्या वेळी गर्दीत चेंगरून लिव्हरपूलचे प्रेक्षक मरण पावले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला आणि १९९१ मध्ये मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्यूरीने ‘अपघाती मृत्यू’ असा निष्कर्ष दिला. कुटुंबांना तो कधीच मान्य झाला नाही. लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर दर वर्षी स्मरणसभा होत राहिली. २००९ च्या विसाव्या स्मृतिदिनाला तिथे सुमारे तीस हजार लोक होते. सरकारतर्फे मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले, पंतप्रधानांचा संदेश त्यांनी सुरू केला, आणि स्टँडमधून एकच मागणी उठली : ‘९६ जणांना न्याय’. तेव्हा मृतांची संख्या ९६ धरली जात होती. बर्नहॅम यांना बोलणं थांबवावं लागलं. त्यानंतर सरकार हललं. २०१० मध्ये स्वतंत्र पॅनेल नेमलं गेलं, त्याने साडेचार लाखांहून अधिक पानं तपासली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये अहवाल दिला. जुने निष्कर्ष रद्द झाले. २०१६ मध्ये नव्या ज्यूरीने सांगितलं की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि त्यात प्रेक्षकांचा दोष नव्हता.

ही हकिगत ऐकून अनेक जण म्हणतात, म्हणजे आम्ही घोषणा द्यायच्या का? घोषणा हा त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे. त्या एका मिनिटामागे कुटुंबांनी वीस वर्षं जपलेली कागदपत्रं होती, कोर्टकचेऱ्या होत्या, एकमेकांना धरून ठेवलेली संघटना होती. मागणी इतकी ठरलेली होती की हजारो माणसांना ती सांगावी लागली नाही. आणि ज्याच्यापर्यंत ती पोचवायची तो माणूस समोर उभा होता. तुमच्या कार्यक्रमात आत्ता माणसं आहेत, अधूनमधून मंत्री किंवा अधिकारीही असतात. ठरलेली मागणी नाही आणि तिच्यामागची फाइल नाही. तेव्हा काम तिथून सुरू करा.

मागणी कशी असावी, यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गट इथे घसरतात. ‘सुरक्षितता वाढवा’, ‘पुन्हा असं घडू नये’ या वाक्यांना कुणीही हो म्हणतो आणि हो म्हटल्यावर त्याला काही करावं लागत नाही. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले. त्यात बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं, अग्निशमन दलाची शिडी वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नव्हती, बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अंत्ययात्रेला पावसात लाखो लोक रस्त्यावर आले. पण त्या शोकाचं रूपांतर झालं ते कुलूप, शिडी, जिना अशा एकेका गोष्टीवर बोट ठेवल्यामुळे. राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला, आयोगाची माणसं कारखान्यांत जाऊन जिने चढून बघून आली, आणि पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कामगार कायदे झाले. दारं कामाच्या वेळी बंद ठेवायची नाहीत, आगीच्या कवायती घ्यायच्या, पाणी फवारणारी यंत्रणा बसवायची, असं सगळं त्यात होतं. त्या आगीच्या साक्षीदार असलेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी या आयोगासाठी काम केलं आणि १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या. तिथल्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री.

म्हणून मागणीचं वाक्य लिहून झालं की त्याला चार प्रश्न विचारा. नेमकं काय बदलायचं? ते कोणाच्या सहीने बदलतं? कोणत्या तारखेपर्यंत? आणि बदललं की नाही हे आपल्यापैकी कुणीही जाऊन आपल्या डोळ्यांनी बघू शकेल का? चौथा प्रश्न गट हमखास विसरतात. ज्या गोष्टीची तपासणी साधा माणूस करू शकत नाही, तिच्याबद्दल ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढं उत्तर वर्षानुवर्षं पुरतं. पहिल्या वर्षी एकच मागणी घ्या. दहा मागण्यांचं निवेदन दिलं की समोरचा त्यातली सर्वांत सोपी, बहुधा फलक लावण्याची, पूर्ण करतो आणि बाकीच्या नऊवर पांघरूण घालतो.

ही एक मागणी शोधायची कुठे? तुमच्या दुर्घटनेची अधिकृत चौकशी झाली असेल तर आधी तिचा अहवाल मिळवा. वर्षानुवर्षं स्मृतिदिन पाळणाऱ्या गटांतल्या कुणीच अहवाल वाचलेला नसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तो मिळत नसेल तर तो जाहीर करा हीच पहिली मागणी. मिळाला तर तीन-चार जणांनी बसून शिफारशींचा तक्ता करायचा : शिफारस, जबाबदार खातं, मुदत, आजची स्थिती. शेवटचा रकाना स्वतः फिरून भरायचा. हे काम रुक्ष वाटतं, पण आयुष्यात कधी सभेत न बोललेली माणसं याच कामातून पुढे येताना मी पाहिली आहेत. हिशेब ठेवणारे, शिक्षक, निवृत्त तंत्रज्ञ, शांतपणे कागद वाचणारी एखादी गृहिणी. भाषणाच्या कार्यक्रमात यांना जागाच नव्हती.

चौकशीच झाली नसेल तर माहिती आपणच गोळा करायची. नेदरलँड्समध्ये १९७१ साली वाहतुकीत सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यात चारशेहून अधिक मुलं होती. त्यातून ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. तिची सुरुवात झाली ती अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून. पण लेखावर ती थांबली नाही. ठिकठिकाणच्या पालकांनी आपापल्या भागातल्या धोक्याच्या जागा हेरल्या, रस्ते काही काळ अडवून तिथे मुलांना खेळू दिलं, रस्त्याचे पर्यायी आराखडे मांडले. जिथे वाहनांनी चालणाऱ्याच्या गतीने जायचं अशा निवासी रस्त्यांना १९७६ मध्ये तिथल्या कायद्यात स्थान मिळालं. ‘आमची मुलं गेली’ हे दुःख ‘या वळणावर, या शाळेसमोर’ इतकं जागेला बांधलं की शेजाऱ्याला त्यात सामील व्हायला वेगळं कारण लागत नाही. त्याचं मूलही तोच रस्ता ओलांडतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरच्यांना दुखावण्याचा. तुम्ही तो विचारलात याचं मला बरं वाटलं, कारण उत्साही कार्यकर्ते तो विचारत नाहीत. कामगार संघटना २८ एप्रिलला कामावर मेलेल्यांचा स्मृतिदिन पाळतात. कॅनडात १९८४ मध्ये त्याची सुरुवात झाली. त्या दिवसाचं घोषवाक्यच ‘मृतांचं स्मरण करा, जिवंतांसाठी लढा’ अशा अर्थाचं आहे. स्मरण आणि लढा यांत मुळात विरोध नाही, हे या परंपरेने केव्हाच दाखवून दिलं आहे. विरोध निर्माण होतो तो कुटुंबांना न विचारता त्यांच्या माणसाचं नाव वापरल्यामुळे.

त्यासाठी माझा नियम कडक आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्याशी प्रत्येक घरी जाऊन आधी बोलायचं, एकत्र बैठकीत नव्हे. बैठकीत नकार देणं अवघड जातं. फोटो वापरायचा का, नाव मोठ्याने वाचायचं का, पत्रकारांशी बोलायचं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. आज हो म्हणणारा पुढच्या वर्षी नाही म्हणू शकतो, म्हणून दर वर्षी नव्याने विचारायचं. आणि ‘मला यात पडायचं नाही, मला फक्त शांतपणे उभं राहायचं आहे’ असं म्हणणाऱ्याला तितकाच मान मिळाला पाहिजे. त्यांच्यासाठी दिवसाचा एक भाग पूर्ण शांत ठेवा, तिथे कॅमेरे नकोत, फलक नकोत, मागणीचा शब्दही नको.

सगळी कुटुंबं एका सुरात बोलतील अशी अपेक्षाही धरू नका. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने ज्यांची मुलं गायब केली त्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी ब्वेनोस आइरेसच्या प्लाझा दे मायो चौकात पहिल्यांदा जमल्या. घोळका करून उभं राहायला बंदी होती, पोलिसांनी ‘चालत्या राहा’ म्हटलं, तर त्या चौकातल्या स्तंभाभोवती फेऱ्या घालू लागल्या, आणि पुढे दर गुरुवारी घालत राहिल्या. एवढं धैर्य दाखवणारी ही संघटनासुद्धा १९८६ मध्ये दोन गटांत विभागली. मृतदेह उकरून ओळख पटवायची का, सरकारची भरपाई घ्यायची का, यांसारख्या मुद्द्यांवर त्यांच्यात खोल मतभेद होते. दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती आणि दोन्ही गट काम करत राहिले. त्याच काळात आजींच्या संघटनेने वेगळीच वाट धरली. कैदेत जन्मलेली आणि दुसऱ्यांना देऊन टाकलेली नातवंडं शोधण्यासाठी त्यांनी शास्त्रज्ञांची मदत घेतली, १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढी स्थापन झाली आणि आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख लागली. तुमच्याकडे भरपाईवरून, स्मारकावरून वाद झाले तर घाबरू नका. ज्या मागणीवर सगळ्यांचं एकमत आहे ती समितीने घ्यावी, बाकीच्या ज्याच्या त्याने स्वतंत्रपणे कराव्यात, आणि एकमेकांविरुद्ध जाहीर बोलायचं नाही एवढं आधी ठरवून टाकावं.

वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावाचा इतिहास तुमच्या समितीने एकत्र बसून वाचावा असं मला मनापासून वाटतं. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढिगारा डोंगरावरून घसरला आणि गावातल्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली. त्यांतली ११६ मुलं होती. ढिगाऱ्याच्या धोक्याबद्दल आधी लेखी तक्रारी झाल्या होत्या. १९६७ च्या चौकशी अहवालाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला स्पष्टपणे दोषी ठरवलं. कुणावर खटला झाला नाही, कुणाची नोकरीही गेली नाही. जगभरातून मदतनिधी आला, दफनभूमीत स्मारक उभं राहिलं. पण गावावरचे उरलेले ढिगारे तसेच होते, आणि ते धोकादायक नाहीत असं सरकार सांगत होतं. ज्यांनी मुलं गमावली त्यांना रोज मान वर करून तेच बघत जगायचं होतं.

मग गावकऱ्यांनी ढिगारे हटवण्यासाठी समिती केली. निवेदनं, शिष्टमंडळं झाली, आणि १९६८ मध्ये ते कार्डिफच्या सरकारी कचेरीत गेले व तिथे त्या ढिगाऱ्यातला चिखल ओतून आले. सरकारने ढिगारे हटवायचं कबूल केलं, पण खर्चापोटी मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. मुलांच्या नावाने लोकांनी दिलेले पैसे होते ते. गावाने तोही मुद्दा सोडला नाही. १९९७ मध्ये ते दीड लाख परत मिळाले, व्याजाविना, आणि २००७ मध्ये वेल्सच्या सरकारने आणखी १५ लाख पौंड दिले. दरम्यान १९६९ मध्ये ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा संपूर्ण ब्रिटनसाठी झाला. कागद, शिष्टमंडळ, चिखल आणि तीस वर्षांचा पाठपुरावा हे सगळं एकाच गावाने केलं. त्या काळात शोक बाजूला ठेवला असंही नाही. तीच माणसं दफनभूमीत जात होती आणि तीच कचेरीत.

स्मारकाबद्दल थोडं बोलतो, कारण बहुतेक समित्यांचा पैसा आणि दम तिथेच संपतो. स्मारक हवंच. पण ते बघणाऱ्याला काही सांगतं का, किंवा त्याच्याकडून काही करून घेतं का, हे बांधण्याआधी विचारा. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर आनेयोशी नावाची छोटी वस्ती आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर तिथे एक दगड उभारला गेला आणि त्यावर सूचना कोरली : या जागेच्या खाली घरं बांधू नका. २०११ च्या त्सुनामीचं पाणी त्या दगडाच्या खाली थांबलं आणि वरची घरं वाचली. त्या किनाऱ्यावर असे इशाऱ्याचे दगड पुष्कळ आहेत, आणि कित्येक ठिकाणी लोक हळूहळू खाली उतरून बांधत गेले. म्हणजे दगडावर वाक्य कोरलं तरी बांधकामाची परवानगी मागायला आलेल्याला ते वाक्य दाखवणारं कुणीतरी लागतंच. तुमच्या स्तंभावर जागा उरली असेल तर त्यावर पुढचं वाक्य कोणतं हवं, यावर वस्तीची एक बैठक घ्या. चर्चा फार चांगली होते.

दुसरा प्रकार गुंटर डेमनिग या जर्मन कलाकाराच्या पितळी दगडांचा. १९९२ मध्ये पहिला बसवला, आणि २०२३ पर्यंत युरोपभर अशा दगडांची संख्या एक लाखावर गेली. नाझींनी ज्यांना नेलं त्यांच्या शेवटच्या घरासमोर, फुटपाथमध्ये, त्यांचं नाव कोरलेला पितळी पत्रा चढवलेला दहा सेंटिमीटरचा दगड बसवला जातो. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की बहुतेक दगडांमागे तिथले रहिवासी, शाळेतली मुलं किंवा नातेवाईक असतात. ते कागदपत्रं शोधतात, वर्गणी काढतात, आणि पितळ काळवंडतं म्हणून ते अधूनमधून घासावंही लागतं. ट्रँगल कारखान्यातल्या मृतांच्या घरांसमोर २००४ पासून दर २५ मार्चला स्वयंसेवक खडूने त्यांची नावं आणि वयं लिहितात. पावसाने ती पुसली जातात, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा माणूस यावा लागतो. देखभाल लागणारं स्मारक समितीला डोईजड वाटतं, पण माझ्या मते तीच त्याची ताकद आहे.

एक दिवसाच्या सेवेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, तेही सांगतो. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनाची सुट्टी १९८३ च्या कायद्याने ठरली, १९८६ पासून पाळली जाऊ लागली, आणि १९९४ मध्ये तिला राष्ट्रीय सेवादिनाचं रूप दिलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मंडेला दिन जाहीर केला. मंडेलांच्या ६७ वर्षांच्या सार्वजनिक कामाची आठवण म्हणून त्या दिवशी लोक ६७ मिनिटं सेवा करतात. कल्पना सुंदर आहे, नव्या माणसाला आत यायला सोपं दार मिळतं. पण भिंती रंगवून, कचरा उचलून, फोटो काढून माणसं समाधानाने परत गेली आणि ज्याच्या हातात नियम आहेत त्याला कुणी भेटलंच नाही, तर तो दिवस वाया गेला असं मी मानतो. किंग आणि मंडेला दोघांनीही आयुष्यभर कायद्याला आणि सत्तेला प्रश्न विचारले. सेवेचा उपक्रम ठेवणार असाल तर तो तुमच्या मागणीला जोडून ठेवा. वस्तीतले बाहेर पडण्याचे मार्ग स्वयंसेवकांकडून तपासून घ्या, अडथळ्यांची यादी करा आणि ती यादी त्याच संध्याकाळी संबंधित अधिकाऱ्याच्या हातात द्या.

तुमची दुर्घटना भूकंप, पूर, आग अशा पुन्हा येऊ शकणाऱ्या संकटाची असेल तर स्मृतिदिनाला कवायत जोडा. याहून परिणामकारक गोष्ट मला माहीत नाही. जपानने १९२३ च्या कांतो भूकंपाची तारीख, १ सप्टेंबर, १९६० मध्ये आपत्ती-प्रतिबंध दिन ठरवली आणि त्या दिवशी देशभर सराव होतात. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. त्यानंतरच्या वर्षभरात तेरा लाखांवर स्वयंसेवक धावून आले. सरकारने १७ जानेवारी हा आपत्ती-प्रतिबंध आणि स्वयंसेवक दिन ठरवला, आणि १९९८ मध्ये नागरी संस्थांना सहज कायदेशीर रूप मिळावं म्हणून स्वतंत्र कायदा झाला. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाच्या स्मृत्यर्थ दर वर्षी त्याच तारखेला सराव होतो. २०१७ मध्ये सकाळी ११ वाजता सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमारास खरा ७.१ तीव्रतेचा भूकंप आला. बाहेर कसं पडायचं, हे शहराने दोनच तासांपूर्वी करून पाहिलं होतं.

आता या वर्षीच्या दिवसाचं बोलू. सकाळचा भाग कुटुंबांचा, वर सांगितल्याप्रमाणे शांत. दुपारी कवायत किंवा पाहणी. संध्याकाळी सभा, आणि सभेत भाषणाऐवजी अहवाल. समितीतला एक जण उभा राहून सांगतो : मागच्या वर्षी आपण अमुक मागितलं, अमुक अधिकाऱ्याने अमुक तारखेपर्यंत करतो म्हटलं, आम्ही या तारखेला जाऊन बघितलं, स्थिती अशी आहे. दहा मिनिटं पुरतात. मग संबंधित अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी उत्तर देतात. त्यांना प्रश्न महिनाभर आधी लेखी पाठवलेला असावा आणि पोच घेतलेली असावी, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणायला जागा राहत नाही. त्यांना कोंडीत पकडणं हा हेतूच नाही. तयारीने आलेला अधिकारी बरेचदा खरी अडचण सांगतो, आणि ती समजली की पुढची मागणी कुणाकडे न्यायची ते कळतं. दिलेलं आश्वासन सगळ्यांसमोर मोठ्या कागदावर लिहा, तारखेसकट, आणि सही मागा. सही नाकारली तर तेही लिहा. शेवटी येणाऱ्या प्रत्येकाला एक छोटं काम घेऊन जाता आलं पाहिजे : एका जागेवर लक्ष ठेवणं, एका बैठकीला जाणं, शेजारच्या दोन घरांना कवायत समजावणं. कामाशेजारी नाव लिहायला वही ठेवा. मौनासाठी आलेल्या माणसाला काम मागण्याची सवय नसते, म्हणून समितीतल्या कुणीतरी जवळ जाऊन विचारावं लागतं.

राजकीय पक्षांचं काय, हा प्रश्न तुमच्याकडेही येणार. सगळ्यांना बोलवा, कुणालाही मंच देऊ नका. उत्तर देणाऱ्यालाच माइक, असा नियम ठेवला की गर्दी आपोआप कमी होते.

वर्षातल्या बाकीच्या दिवसांसाठी महिन्यातून एक बैठक पुरे, पण ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि तीन माणसं आली तरी झालीच पाहिजे. इतिवृत्त लिहा. पत्रांच्या प्रती तारखेप्रमाणे लावून ठेवा, एक संच दुसऱ्याच्या घरी. समितीतला उत्साही माणूस नोकरीसाठी गाव सोडून गेला आणि सगळा पत्रव्यवहार त्याच्या कपाटात राहिला, असं मी एकाहून अधिक गटांत पाहिलं आहे.

किती वर्षं, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कपडे शिवणाऱ्या कामगारांना आत बोलावलं गेलं. त्यानंतर काही आठवड्यांतच परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक सुरक्षा करार झाला, कारण संघटनांची मागणी आधीपासून तयार होती आणि जगाचं लक्ष होतं. हिल्सबरोला २७ वर्षं लागली. तुमच्या बाबतीत जगाचं लक्ष बहुधा नसेल, तेव्हा लांबचा हिशेब धरा. पहिल्या दोन वर्षांत हातात यावी अशी एक छोटी मागणी आणि दहा वर्षं चालेल अशी एक मोठी, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. छोटी मिळाली नाही तर माणसं थकतात. मोठी नसेल तर छोटी मिळाल्यावर समिती विरघळते.

आणि इतकी वर्षं काम चालवायचं तर ज्यांना ती दुर्घटना आठवत नाही, जे तेव्हा अगदी लहान होते किंवा जन्मलेच नव्हते, त्यांना आत घ्यावं लागेल. त्यांना फुलं धरायला किंवा कविता म्हणायला उभं करू नका. या वर्षीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना भरायचं काम त्यांच्याकडे द्या, सोबत एक जुना माणूस द्या, आणि संध्याकाळच्या सभेत तो अहवाल त्यांनाच वाचू द्या. त्यासाठी त्यांना आत्तापासून किमान तीन महिने हवेत, म्हणून पहिली बैठक याच महिन्यात घ्या.